कांद्याची शेती राज्यसूचीत, निर्यात संघसूचीत: मग दाद कोणाकडे मागायची?

निफाडकर (प्रश्न)

नमस्कार. माझी शेती निफाड तालुक्यात असून कांदा लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत जातो. शेती हा राज्याचा विषय आहे, असे नागरिकशास्त्रात शिकलो होतो. पण ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. यांपैकी एकही निर्णय मुंबईत झालेला नव्हता. बंदीच्या बातमीने जिल्ह्यात लिलाव बंद पडले, तेव्हा ट्रॉलीत भरून आणलेला लाल कांदा परत नेणे म्हणजे तो सडवणेच होते, कारण उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या शेडमध्ये, टिकत नाही. आम्ही निवेदने दिली ती तहसीलदारांना, म्हणजे ज्यांच्या हातात यातले काहीच नाही अशा राज्याच्या अधिकाऱ्यांना. राज्य सरकारला असा निर्णय नाकारता येतो का? निदान न्यायालयात तरी जाता येते का?

सीबीएसजवळचा वकील

नाकारता येत नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी तीन सूचींत आहे: संघसूची केंद्राची, राज्यसूची राज्यांची आणि समवर्ती सूची दोघांची. राज्यसूचीत नोंद 14 शेतीची आणि नोंद 28 बाजार व जत्रांची आहे. बाजार समित्यांचा 1963 चा कायदा याच बळावर राज्याने केला. मात्र परदेशांशी व्यापार आणि सीमाशुल्क हद्दीपलीकडील आयात-निर्यात ही संघसूचीतील नोंद 41 आहे, तर निर्यातशुल्क नोंद 83 मध्ये येते. म्हणजे कांदा शेतातून निघून लिलावाच्या ओट्यापर्यंत पोचतो तोवर तो बहुतांशी राज्याच्या कक्षेत असतो आणि कंटेनरमध्ये भरून बंदराकडे निघाला, की केंद्राच्या. निर्यातबंदीसाठी संसदेत नवा कायदाही करावा लागत नाही. विदेश व्यापार कायदा, 1992 च्या कलम 3 ने केंद्राला हा अधिकार आधीच दिलेला असून विदेश व्यापार महासंचालनालयाची एक अधिसूचना त्याला पुरते.

अनुच्छेद 131 नुसार राज्याला केंद्राविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावता येतो, पण नोंद इतकी स्पष्ट असताना त्यातून काही हाती लागेल, असे मला वाटत नाही. खरा वादाचा मुद्दा समवर्ती सूचीतील नोंद 33 हा आहे. अन्नपदार्थांचा व्यापार, पुरवठा आणि वितरण 1954 च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने तिच्यात आले, आणि समवर्ती विषयात केंद्र व राज्याचे कायदे एकमेकांना छेदले, तर अनुच्छेद 254 प्रमाणे सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. 2020 च्या कृषी कायद्यांनी बाजार समितीच्या आवाराबाहेरील व्यापार मोकळा केला, तो याच नोंदीच्या आधाराने. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये त्यांना स्थगिती दिली आणि त्याच वर्षअखेर संसदेने ते मागे घेतले. त्यामुळे नोंद 33 राज्याच्या बाजार समितीत किती आत शिरू शकते, याचा त्या प्रकरणात निकाल लागलाच नाही. माझ्या मते निर्यातबंदीपेक्षा ही गोष्ट अधिक काळजीची आहे.

पिंपळगावचा निर्यातदार

वकीलसाहेबांचे कायद्याचे म्हणणे मान्य आहे. पण केंद्राचा अधिकार सर्व राज्यांना सारखाच लागू होतो, असे कोणी समजू नये. सप्टेंबर 2023 मध्ये कर्नाटकातील बेंगळुरू रोझ जातीच्या कांद्याला शुल्कातून सूट मिळाली, आणि त्यासाठीचे प्रमाणपत्र कर्नाटकाच्या फलोत्पादन आयुक्तांनी द्यायचे होते. एप्रिल 2024 मध्ये आमचा कांदा अडकलेला असताना मुख्यतः गुजरातेत पिकणाऱ्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. येथे ओरड झाल्यावर केंद्राने खुलासा केला, की सहा देशांसाठी 99,150 टनांची निर्यात मंजूर आहे. पण ती सरकारी यंत्रणेमार्फत, आमच्यामार्फत नव्हे. दिल्लीत ज्याचा पाठपुरावा चांगला, त्याला वाट मिळते. त्यात महाराष्ट्र का मागे पडला, हे आपल्या खासदारांनाही विचारायला हवे.

राज्यशास्त्राचा मास्तर, नाशिकरोड

निर्यातीचा अधिकार राज्यांना द्यावा, असे कोणी सुचवण्याआधी एक अडचण मांडतो. महाराष्ट्राने बंदी घातली आणि गुजरातने नाही घातली, तर कांदा न्हावाशेवा बंदराऐवजी गुजरातमधील मुंद्र्याहून जाईल, कारण देशांतर्गत व्यापार अनुच्छेद 301 ने मुक्त ठेवलेला आहे. सीमाशुल्काची हद्द एकच असावी, हे घटनाकारांचे धोरण मला चुकीचे वाटत नाही. कांदा न पिकवणाऱ्या राज्यांतील ग्राहकही मतदार आहेतच.

उणीव आहे ती विचारविनिमयाची. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश आहे, तर निर्णयाला तीनचतुर्थांश मते लागतात. केंद्राला डावलून राज्यांना किंवा राज्यांना डावलून केंद्राला तेथे ठराव करता येत नाही. शेतमालाच्या निर्यातीबाबत अशी कोणतीही सक्ती नाही. अनुच्छेद 263 खालची आंतरराज्य परिषद 1990 मध्ये स्थापन झाली, पण 2016 पर्यंतच्या सव्वीस वर्षांत तिच्या अवघ्या अकरा बैठका झाल्या. निर्यातबंदीपूर्वी उत्पादक राज्यांचे म्हणणे लेखी घेण्याचे बंधन 1992 च्या कायद्यातच घालता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागणार नाही.

जाता जाता: सत्तेची ही विभागणी पाहायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. आमच्याकडील नोटांचा छापखाना आणि देवळालीचे कटकमंडळ संघसूचीत येतात, तर सिंहस्थासारखी तीर्थयात्रा राज्यसूचीतील नोंद 7 मध्ये. दिंडोरीच्या द्राक्षाची वाइन झाली, की तिच्यावर राज्याचे उत्पादनशुल्क लागते. तेच द्राक्ष युरोपात पाठवायचे, तर नियम केंद्राचे.

निफाडकर

सर्वांचा आभारी आहे. मास्तरांची सूचना पटली, पण ग्राहकाची सोय पाहायची तर तिची किंमत एकट्या उत्पादकाने का मोजावी? 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळले, तेव्हा क्विंटलला 350 रुपयांचे अनुदान राज्याने आपल्या तिजोरीतून दिले. निर्यातशुल्काचा पैसा जमा झाला तो केंद्राकडे. त्यातले राज्याला काही परत मिळते का?

सीबीएसजवळचा वकील

मिळते, पण कांद्याच्या नावाने नव्हे. निर्यातशुल्क केंद्रीय करांच्या विभाज्य निधीत जाते. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातील सूत्रानुसार त्या निधीचा 41 टक्के वाटा राज्यांना मिळत होता आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के होता. वसुलीचा खर्च बाजूला ठेवला, तर कांद्याच्या शुल्कातून दिल्लीत गेलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे मुंबईकडे सुमारे दोन रुपये साठ पैसे आले. बंदीच्या काळात अर्थातच तेवढेही नाहीत.