लॉनवाल्यांनी उरलेलं वाटावं की आधीच मोजून रांधावं?

तूरवाला, आर्णी तालुका
तूर सोंगून झाली की आमच्याकडची पोरं नागपूर-अमरावतीच्या लग्नाच्या लॉनवर वाढायला जातात. मीही जातो. पाहुणे पांगले की मागच्या बाजूला येऊन पाहा. अर्धं भरलेलं वरणाचं गंज, परातभर जिरा राईस, वरून मठ्ठ्याचे प्लास्टिकचे ग्लास, सगळं एकाच ट्रॉलीत. सकाळी त्यावर गाई तुटून पडतात. शिजलेला भात पोटभर खाल्ला की गाय फुगते, प्लास्टिक पोटात जातं ते वेगळंच.

काही कॅटरर उरलेलं संस्थांना देतात. चांगलंच आहे, पण धंदेवाल्यांनी मुळात जास्त रांधूच नये असं माझं ठाम मत आहे. आज सौदा होतो पाचशे प्लेटच्या हमीवर. जेवले तीनशे तरी पैसे पाचशेचे. मग कमी रांधायची गरज कोणाला? लग्नाच्या दोन दिवस आधी आकडा पक्का करा, हमी त्याच्या ऐंशी टक्क्यांवर ठेवा, वरचं जेवतील तसं मोजा. भाताचं आधण टप्प्याटप्प्यानं ठेवा. तांदूळ उरला तर उद्या चालतो, भात उरला तर गेला. त्या वरणातली तूर पिकवायला आमचे सहा-सात महिने जातात.

कॅटरर, वर्धा
भाऊ, तुम्ही वाढता, हिशेब मला भरावा लागतो. किराणा, गॅस, आचाऱ्याची मजुरी, पोरांची रोजी सगळं आधीच ठरलेलं असतं. हमी नसली तर एका लग्नात हंगामाची कमाई जाते. अठरा पदार्थ मी सांगत नाही, मुलीचा बाप सांगतो. पनीर कमी पडलं तर नाव माझंच निघतं. आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल वाचा. २०२२ मध्ये जगात जे अन्न वाया गेलं त्यातलं ६० टक्के घराघरांतलं होतं. हॉटेल-कॅटरिंगसारख्या धंद्यांचं २८, दुकानांचं १२. मग आमचीच मानगूट काहून धरता?

संत्राबाग, मोर्शी
तुम्ही दोघंही ताटापाशीच अडकलात. शहरातल्या मोठ्या दुकानांना एका आकाराची, बिनडागी फळं पाहिजेत. संत्र्याच्या कोळशी रोगाचा काळा थर सालीवर असतो, आतली फोड चांगली असते, तरी माल बाजूला. चुरीला, म्हणजे बारक्या संत्र्यांना, तर कोणी हात लावत नाही. तोडाई आणि गाडीभाडं निघत नसेल तर आम्ही फळ झाडाखालीच सोडतो. फ्रान्सनं २०१६ मध्ये मोठ्या दुकानांना न विकलेलं खाण्याजोगं अन्न नासवायला बंदी केली, ते संस्थांना देण्याचे करार करायला लावले. पण तो कायदा दुकानात पोचलेल्या मालाचा. आमचा माल दुकानाच्या दारातही जात नाही. रस विकणाऱ्या हॉटेलांनी चुरी थेट बागेतून घेतली तर त्यांनाही स्वस्त पडेल.

बचत गटाची ताई, हिंगणा
तूरवाले दादा, वाटपाला कमी लेखू नका. लोक उपाशी आहेत, तुमचे करार सुधारेपर्यंत ते थांबणार नाहीत. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१९ मध्ये उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियमही केले आहेत. अडचण वेळेची आहे. रात्री साडेअकराला फोन येतो, "ताई, गाडी पाठवा." तोवर वरणभात तीन-चार तास उघडा पडलेला असतो. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहिलं पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही घाम सुटतो. वास आलेलं वरण मी लेकरांना वाढू? ते मी घेतच नाही, कोणी कितीही रागावलं तरी. साडेनऊलाच अंदाज येतो ना? तेव्हाच न उघडलेलं पातेलं झाकून बाजूला काढा आणि फोन करा. ताटात गेलेलं तर नकोच.

तूरवाला, आर्णी तालुका
ताई, साडेनऊचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ते आम्ही वाढपीसुद्धा करू शकतो, मालकानं सांगितलं तर.

कॅटरर भाऊ, ६० टक्के कोट्यवधी चुलींत वाटलेले आहेत. प्रत्येक घरात जाऊन कोण सांगणार? तुमच्या लॉनवर मात्र एका रात्रीचं अन्न एका माणसाच्या शब्दावर ठरतं. म्हणून मानगूट तुमची. आणि हमी काढा असं मी म्हटलं नाही, खाली आणा म्हटलं.

कॅटरर, वर्धा
ऐंशी टक्क्यांवर यायला मी तयार आहे. पण मग सांगितल्यापेक्षा जास्त पाहुणे आले तर वरच्या प्लेटला दीडपट दर घेणार, आणि ते आधीच लिहून घेणार. यजमान मानतील?

तूरवाला, आर्णी तालुका
घ्या दीडपट. मग तरी पत्रिका वाटताना माणसं मोजतील. पदार्थांचंही तसंच करा, दहाच्या वर प्रत्येकाचा दर वेगळा लावा. मुलीच्या बापालाही नाही म्हणायला आधार मिळेल. त्याच्यावर त्या अठरा पदार्थांपायी कर्ज होतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

संत्राबाग, मोर्शी
आणि चुरीचं? त्यावर कोणीच बोललं नाही. स्वागताला पावडरचं सरबत देता, त्याऐवजी संत्र्याचा रस ठेवा. वर्ध्याला माल पोचवायची जबाबदारी माझी.