मदत हवी आहे: प्रवाळावर पिल्लं कमी दिसतात, मुळात आलीच कमी, की आल्यावर खाल्ली गेली?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी डॅमसेल माशांच्या पिल्लांवर काम करते आहे. दर महिन्याला ठरावीक पट्ट्यांवरून पोहत जाऊन प्रवाळावरची नखाएवढी पिल्लं मोजायची, एवढीच पद्धत. या हंगामात काही पट्टे जवळजवळ रिकामे निघाले आणि निष्कर्ष लिहिताना गाडं अडलं आहे.

या माशांची अंडी तळाला चिकटलेली असतात, नर त्यांची राखण करतो. लार्वा, म्हणजे अंड्यातून निघालेलं इवलं पिल्लू, मात्र बाहेर पडल्यावर तीनेक आठवडे उघड्या पाण्यात काढतो आणि सेंटिमीटरभर झाला की रात्री प्रवाळावर उतरतो. माझे मार्गदर्शक सगळा दोष पाण्यातल्या दिवसांवर ठेवतात. योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये मांडलेली कल्पना ते सांगतात: पीतक (अंड्यातून सोबत आलेला अन्नसाठा) संपताना पहिलं खाणं मिळालं नाही, तर त्या वर्षीची अख्खी पिढी कमजोर पडते. मला ते पटतं, पण माझ्या आकड्यांवरून तसं म्हणता येईल का? प्लीज सांगा, मनापासून विचारते आहे.

प्रतिसाद १

नाही म्हणता येणार. महिन्यातून एकदा मोजलंत की हाती लागतात ती फक्त वाचलेली पिल्लं. प्रवाळावर उतरल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच निम्म्याहून अधिक पिल्लं भक्षकांच्या तोंडी जातात, असं बऱ्याच जातींत दिसलं आहे. तुम्ही पोहोचेपर्यंत ती कत्तल होऊन गेलेली असते. अमावास्येच्या आसपास, जेव्हा बऱ्याच जाती उतरतात, तेव्हा रोज पहाटे मोजा. उतरलेलं पिल्लू सुरुवातीला फिकट, जवळपास पारदर्शक असतं. रंग लवकर भरतो, त्यामुळे उशीर नको.

धागाकर्ती

खूप आभार! हंगाम मात्र सरत आलाय. जपून ठेवलेल्या पिल्लांचे ओटोलिथ (कानातले चुन्याचे बारीक खडे) घासून पाहिले तर मागचं काही कळेल का?

प्रतिसाद २

कळेल, आणि हे जरूर करा. ओटोलिथमध्ये रोज एक वलय पडतं, हे १९७१ मध्ये जॉर्जिओ पॅनेला यांनी दाखवलं. प्रवाळावर उतरताना वलयांची रुंदी एकदम बदलते, तिथे खूण दिसते. खुणेच्या आतली वलयं म्हणजे पाण्यातले दिवस, बाहेरची म्हणजे उतरल्यानंतरचे. पकडल्याच्या तारखेतून बाहेरची वजा केलीत की उतरण्याची तारीख मिळते.

एक अडचण राहतेच: या तारखाही वाचलेल्यांच्याच. जी खाल्ली गेली त्यांचे ओटोलिथ तुमच्याकडे नाहीत. म्हणून त्याच काळात त्याच भागात कुणी लाइट ट्रॅप (रात्री उजेडाने लार्वे ओढून पकडणारे सापळे) लावले होते का, ते शोधा. ट्रॅपमध्ये उतरायच्या बेतात असलेले लार्वे येतात. ट्रॅप भरलेल्या रात्रींच्या तारखा तुमच्या पिल्लांत सापडल्याच नाहीत, तर ती उतरल्यानंतर मेली असण्याचीच शक्यता जास्त. ट्रॅपही रिकामे असतील तर मार्गदर्शकांचं म्हणणं बळकट होतं. फक्त चांदण्या रात्रींचे आकडे जपून वापरा, उजेड असला की ट्रॅपचं आकर्षण कमी होतं.

धागाकर्ती

शेजारच्या प्रयोगशाळेकडे ट्रॅपची नोंदवही आहे, उद्याच मागते. ओटोलिथच्या प्रकारांपैकी लॅपिलस घासू की सॅजिटा?

प्रतिसाद २

दोन्ही करून बघा, आणि ज्यात खूण स्पष्ट दिसेल तोच सगळ्या पिल्लांसाठी वापरा. वलयं दोघांनी वेगवेगळी मोजा, दुसऱ्याला पिल्लाची लांबी सांगू नका.