१ नोव्हेंबरपर्यंत पिकविक तलावावर: महिनाभर मरीनात कसं राहायचं?

दाभोळची लेक · ३० सप्टेंबर २०२४

नमस्कार मंडळी. मी आणि नवरा मे महिन्यात न्यू जर्सीहून बोटीने निघालो. हडसन नदी, ईरी कालवा, मोठी सरोवरं, शिकागो, तिथून इलिनॉय आणि मिसिसिपीतून खाली, ओहायोतून थोडं वर आणि आता टेनेसी नदी. याला इकडे ग्रेट लूप म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व भागाला पाण्यातून प्रदक्षिणा, साधारण ६,००० मैलांची. आमची बोट म्हणजे ३४ फुटी जुनी ट्रॉलर, नाव 'वाशिष्ठी'. ताशी आठ मैलांच्या वर ती जात नाही.

आता आम्ही याच नदीवरच्या पिकविक तलावावर थांबलोय. १ नोव्हेंबरच्या आधी मेक्सिकोच्या आखाताकडे उतरायचं नाही, अशी विम्याची अट आहे, कारण वादळांचा हंगाम. ही अट मला फार जाचक वाटायची. पण गेल्या गुरुवारी हेलीन वादळ फ्लोरिडाला धडकलं आणि माझी तक्रार संपली.

मरीनात, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्यावर, रोजचं भाडं ६० डॉलर, महिन्याचं ४५० आणि वीज वेगळी. म्हणून सरळ महिन्याची स्लिप, म्हणजे बोट बांधायची जागा, घेतली. नवऱ्याला मात्र बांधलेली बोट बघवत नाही. त्याचं म्हणणं, तेवढ्यात नदीतून चॅटनूगा शहरापर्यंत वर जाऊन येऊ, एका बाजूने अडीचशे मैल. मला थांबायचंय. चार महिने प्रत्येक लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वरखाली करणाऱ्या दारबंद कोठीत, दोर मी धरलाय, उजवं मनगट सुजलंय. आणि खरं सांगायचं तर रोज संध्याकाळी नवीन धक्का, नवीन माणसं, सकाळी पुन्हा निरोप, याने मी थकलेय.

पण भीतीही वाटते. आमच्याच धक्क्यावर एक जोडपं ऑगस्टमध्ये 'आठवडाभर' म्हणून थांबलं होतं. काल त्यांनी बोटीवर विक्रीची पाटी लावली. इतके दिवस थांबल्यावर आपल्यातूनही प्रवास निघून जाईल का? कुणी असं राहिलं असेल तर सांगा. बोटीची काय काळजी घ्यायची, आणि स्वतःची कशी?

खलाशीकाका · ३० सप्टेंबर २०२४

ताई, आम्ही २०१९ साली याच तलावावर पाच आठवडे होतो. आधी चॅटनूगाचं सांगतो. वाटेतल्या विल्सन लॉकच्या दारांना तडे सापडले आणि २५ तारखेपासून मोठा लॉक बंद आहे. शेजारचा जुना लॉक चालू आहे, पण तो लहान, दोन टप्प्यांचा. मालवाहू बार्जची तिथे रांग लागणार आणि आपल्यासारख्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी. नवऱ्याला सांगा, यंदा नको.

आता बोट. तळाचे, बोटीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे म्हणजे अ‍ॅनोड बघून घ्या. महिनाभर किनाऱ्याची वीज जोडलेली राहिली की शेजारच्या बोटींशी विजेचं नातं जुळतं आणि अ‍ॅनोड भराभर झिजतात. ते नातं तोडणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नसेल तर इथेच बसवून घ्या. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे लावले असतील तर पुढे आखाताकाठच्या मोबील बंदराच्या खाऱ्या पाण्यात ते टिकणार नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचे दोन्हीकडे चालतात. डिझेलची टाकी भरलेली ठेवा, नाहीतर थंड रात्री आत पाणी धरतं. हिवाळ्या-वसंतातल्या पुराचं पाणी मावावं म्हणून या तलावाची पातळी दरवर्षी पाच-सहा फूट उतरवतात. धक्का तरंगता असला तरी तुमच्या स्लिपखाली तेव्हा किती पाणी उरतं, ते विचारून ठेवा.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: मरीनात पोहायला उतरू नका, नातवंडं आली तर त्यांनाही उतरू देऊ नका. एखाद्या बोटीची वायरिंग खराब असेल तर पाण्यात करंट उतरतो. गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या शरीरातून तो सहज वाहतो, हातपाय आखडतात आणि चांगला पोहणारासुद्धा बुडतो. वरून काहीच दिसत नाही.

प्रवास निघून जाण्याचं म्हणाल, तर तुम्ही दाभोळच्या. पावसाळ्यात होड्या ओढून शाकारून ठेवतात, जाळी विणायला बसतात. नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी म्हणतं का, की आम्ही अडकलो? आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून तलावात जा, एखाद्या खाडीत नांगर टाकून रात्र काढा आणि परत या. आम्ही तेवढंच केलं.

अनघा_हंट्सव्हिल · १ ऑक्टोबर २०२४

मला बोटीतलं काही कळत नाही, पण अलाबामात दहा वर्षं काढलीत. मरीनाची गाडी मिळत असेल तर टस्कम्बियाला अंध-बधिर लेखिका हेलन केलरचं घर बघा. १८८०चा जन्म, आणि ज्या पंपाखाली हात धरून तिला 'पाणी' हा शब्द उमगला तो पंप अजून अंगणात आहे. अमेरिकी यादवी युद्धातली शायलोची रणभूमी तर तुमच्या जवळच, १८६२ची, नदीच्या अगदी काठावर.

पण एकच ठिकाण बघायचं झालं तर फ्लॉरेन्सजवळची दगडी भिंत बघा. युची जमातीतल्या एका मुलीला हाकलून ओक्लाहोमाला नेलं होतं. तिथल्या नद्या गात नाहीत म्हणून ती एकटी चालत इथे परत आली, पाच वर्षं चालत. तिच्या खापरपणतूने तिच्या प्रत्येक पावलासाठी एक दगड, अशी तीस वर्षं खपून मैलाहून लांब भिंत रचली. चुना नाही, सिमेंट नाही.

दसऱ्याला आमच्याकडे जेवायला या ना! कढीपत्ता घरचाच आहे, झाडच घेऊन जा.

पुणेरी_हिशेब · २ ऑक्टोबर २०२४

प्रश्न साधा आहे. महिनाभर बोट तिथेच ठेवून विमानाने घरी का जात नाही?

दाभोळची लेक · १७ ऑक्टोबर २०२४

@पुणेरी_हिशेब, घर मेपर्यंत भाड्याने दिलंय. पण नसतं दिलं तरी गेलो नसतो, हे आता कळतंय.

काका, अ‍ॅनोड निम्मे झिजले होते. बदलले. धक्क्यावरच्या आणखी दोन बोटींचे बदलायला नवरा मदतीला गेला आणि तेव्हापासून तो सकाळी घरात, म्हणजे बोटीत, सापडत नाही. आज कुणाचा इम्पेलर, उद्या कुणाचा बिल्ज पंप.

९ तारखेची रात्र लिहून ठेवावी अशी होती. आमच्या शेजारच्या बोटीवरच्या बाईंचं घर फ्लोरिडात, सारासोटाला. मिल्टन वादळ त्याच बाजूला सरकत होतं. मरीनाच्या बैठकीच्या खोलीत आम्ही पंधराएक जण टीव्हीसमोर बसलो होतो आणि कुणी बोलत नव्हतं. मी दोनदा चहा केला. पहाटे त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला: छप्पर आहे, अंगणातली झाडं गेली. त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. दोन आठवड्यांपूर्वी मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. रोज निघून जात राहिलो असतो तर कधी कळलंही नसतं.

अनघा, भिंत पाहिली. तुझ्याकडचा दसरा आणि पुरणपोळी लक्षात आहेच, पण त्या भिंतीपाशी मी तासभर बसले. मला आमच्या आजीची आठवण येत होती. मुंबईला लेकाकडे राहायला गेली आणि सहा महिन्यांत परत आली, खाडीचा आवाज येत नाही म्हणून.

काल कोजागिरी केली. केशर नव्हतं, जायफळ होतं. सगळा धक्का जमला. अंधार पडताना पश्चिमेला धूमकेतू दिसला, शेपटासकट, नुसत्या डोळ्यांनी. मग चंद्र आणखी वर आला आणि दूध वाटलं. विक्रीची पाटी लावलेलं जोडपंही आलं होतं. पाटी अजून आहे.

खलाशीकाका · १८ ऑक्टोबर २०२४

वाचून फार बरं वाटलं. निघालात की वाटेत डेमोपोलिस गावाला डिझेलच्या टाक्या भरून घ्या. त्याच्या खाली मोबीलपर्यंत दोनशेहून जास्त मैल आहेत आणि इंधनाची भरवशाची जागा नाही.

दाभोळची लेक · २ नोव्हेंबर २०२४

इथल्या वेळेनुसार ३१ला लक्ष्मीपूजन केलं. सुकाणूला हळदकुंकू लावलं, पुढच्या डेकवर बॅटरीच्या पणत्या. काल उजाडताच निघालो. धक्क्यावर सगळे उभे होते, सारासोटाच्या बाईंनी आमचा शेवटचा दोर सोडला.

इथून मोबीलकडे नेणाऱ्या टेनेसी-टॉमबिगबी कालव्याचा पहिला भाग २९ मैल सरळसोट आहे, डोंगर कापून केलेला. दुपारी व्हिटन लॉकमध्ये शिरलो. तिथे बोट ८४ फूट खाली उतरते. भिंतीतल्या खोबणीत लोखंडी खुंटा पाण्याबरोबर खाली सरकत होता, कर्र कर्र करत. त्याला दोराचा एक वेढा मारला की पुरतं. दोर मीच धरला होता. मनगट दुखलं नाही.