मदत हवी आहे: वडील जेवतात, तरी अंगावरची चरबी झरझर उतरतेय (स्वादुपिंडाचा कॅन्सर)

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे जाणकार बरेच आहेत आणि या वाटेने गेलेलेही, म्हणून लिहितेय.

माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो), वय ६४. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात गाठ. कावीळ झाली तेव्हा कळलं. पित्तनलिकेत स्टेंट घातलाय, केमो चालू आहे, ऑपरेशन जमेल का ते पुढच्या सीटीवर ठरेल. शुगरही नव्याने निघालीय. प्रश्न वजनाचा आहे.

दिवाळीत ७२ किलो होते, आता चैत्रात ६१. आधी पोट उतरलं, तेव्हा सगळे म्हणाले बरं झालं. मग दंडाची कातडी लोंबायला लागली. आता बैठकीवर काही उरलंच नाही, माकडहाड टोचतं म्हणून खुर्चीवर चार पदरी गोधडी घालावी लागते. बरं, भूक मेलीय असंही नाही. सकाळी नाचणीची पेज, दुपारी दीड भाकरी, भाजी, वरण, रात्री मऊ खिचडी. आजारी माणसाच्या मानाने हे कमी नाही ना? मग एवढं खाऊन माणूस झिजतो कसा?

यावरून घरात रोज धुसफूस. आत्याचं म्हणणं, वहिनी नीट खाऊ घालत नाही. ते ऐकून आई तुपाची धार वाढवते, डिंकाचे लाडू करते, सायीचं दही पुढे करते. ते खाल्लं की अण्णांच्या संडासच्या फेऱ्या वाढतात. ओपीडीच्या गर्दीत 'हाय प्रोटीन द्या' एवढंच पदरात पडलं.

चरबी का वितळते? तूप वाढवून भरून निघेल का? चुलतभाऊ म्हणतो, दर आठवड्याला सलाईन लावू, ताकद येईल. लावावं का? आणि यावर औषध आहे का काही? अण्णा माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही, हे धरून सांगा.

चहाटळ

रुमाल टाकून ठेवतो. यातलं मला काही कळत नाही, पण तुमच्या आत्याला हा धागा वाचायला द्या. अण्णांना आराम पडो.

पेशीवाला

रानजाई, मी डॉक्टर नाही. चरबीच्या पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. त्यामुळे 'का' याचं उत्तर देतो, 'काय करायचं' ते डॉक्टरांकडून.

पहिली गोष्ट आईंसाठी. उपासमारीने वजन जाणं वेगळं आणि हे वेगळं. याला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर तो धरायचा, असं २०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलं. अण्णांचं १५ टक्के गेलंय. आणि त्याच व्याख्येत म्हटलंय की नुसता आहार वाढवून हे पूर्णपणे उलटवता येत नाही. त्यामुळे आत्याबाईंचा आरोप तिथेच निकालात निघतो.

आता चरबीचं. अंगावरची चरबी म्हणजे कणगीतलं धान्य समजा. जेवण झालं की इन्सुलिन झाकण लावतं, उपास पडला की नॉरॲड्रेनॅलिन नावाचं संप्रेरक ते उघडतं. आत चरबीचा प्रत्येक रेणू ग्लिसरॉलला जोडलेल्या तीन मेदाम्लांचा असतो. एकामागून एक तीन विकरं (एन्झाइम) ती मेदाम्लं कापून रक्तात सोडतात. पहिला घाव घालणाऱ्याचं नाव एटीजीएल, दुसरं एचएसएल. कॅकेक्सियात गाठीतून आणि शरीराच्या स्वतःच्या सूज-यंत्रणेतून असे संदेश सुटतात (इंटरल्यूकिन-६, टीएनएफ, झेडएजी नावाचं एक प्रथिन) की पोट भरलेलं असतानाही झाकण उघडंच राहतं. चरबीच्या पेशी मरत नाहीत, आतला साठा संपून आक्रसतात. त्यातून अण्णांचं इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंडच आजारी, म्हणजे झाकण लावणाराच अशक्त. नवी शुगर आणि उतरणारी चरबी ही म्हणूनच एकमेकांशी जोडलेली आहेत.

२०११ मध्येच ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी एटीजीएल नसलेल्या उंदरांमध्ये गाठी वाढवल्या. त्यांची चरबी टिकली, हे अपेक्षितच होतं. पण स्नायूही टिकले! म्हणजे चरबी वितळणं हा नुसता परिणाम नसून स्नायू झिजण्याच्या साखळीतला दुवा असावा. मला आजही हा या विषयातला सगळ्यात विचार करायला लावणारा प्रयोग वाटतो. २०१४ मध्ये दोन गटांनी दाखवलं की उंदरांची पांढरी चरबी तपकिरी चरबीसारखी वागू लागते, म्हणजे साठवण्याऐवजी नुसती उष्णता करून जाळते. माणसांत हे किती होतं यावर मात्र वाद आहे. आणि एटीजीएल हे विकर बंद करणारं औषध रुग्णांसाठी अजून आलेलं नाही, तेव्हा इंटरनेटवर कुणी 'फॅट ब्लॉकर' विकत असेल तर लांब राहा.

निसर्गमित्र_१

साखर, भात पूर्ण बंद करा. कॅन्सर साखरेवरच जगतो. रोज अनशापोटी गव्हांकुराचा रस आणि दर एकादशीला निर्जळी. आमच्या शेजाऱ्यांना गुण आला.

वाटीभर

निसर्गमित्र, हात जोडते. १५ टक्के वजन गेलेल्या माणसाला निर्जळी? भात काढला तर त्यांच्या पोटात जाईल काय? शुगर इन्सुलिनने आटोक्यात आणायची असते, ताट रिकामं करून नाही. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त वापरतात हे खरं, पण आपण खाल्ली नाही तर शरीर स्नायू मोडून साखर तयार करतं. उपास रुग्णालाच घडतो.

रानजाई, मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे जरा घाण प्रश्न विचारते. तूप वाढलं की फेऱ्या वाढतात म्हणालात. संडास कसा होतो? फिका, फार दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारा, भांड्याला चिकटणारा?

रानजाई

हो, अगदी तसाच! दोन बादल्या ओतल्या तरी जात नाही आणि पाण्यावर तेलाचे ठिपके दिसतात. आई म्हणाली स्टेंटमुळे असेल, म्हणून आम्ही कुणाला सांगितलंच नाही.

वाटीभर

मग इथे दोन चोर आहेत. एक पेशीवाल्यांनी सांगितला. दुसरा म्हणजे खाल्लेली चरबी पचतच नाही. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ असली की पाचकरस आतड्यात उतरत नाही आणि तूप जसंच्या तसं बाहेर पडतं. पहिल्या चोरावर इलाज अर्धवट आहेत, दुसऱ्यावर मात्र पक्का आहे. पाचक विकरांच्या कॅप्सूल (क्रिऑन वगैरे). डॉक्टरांना हेच शब्द सांगा: 'संडास तेलकट होतो, तरंगतो, एन्झाइम द्यायचे का?' जेवणाला साधारण ४० ते ५० हजार युनिट लायपेजपासून (चरबी पचवणारं विकर) सुरुवात करतात, छोट्या खाण्याला निम्मं. पण डोस तेच ठरवतील. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर, जेवण लांबलं तर एखादी मध्ये. चावायची नाही. जेवणाआधी अर्धा तास घेऊन काही उपयोग नाही, ही चूक मी रोज बघते. दुधाच्या कपाबरोबरही लागते, हेही लोक विसरतात.

तोवर तुपाचा मारा थांबवा. कॅप्सूल लागू पडल्या की तूप परत आणा, बंद नका करू.

आता प्रथिनं. रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम धरलं तर अण्णांना ७५ ते ९० ग्रॅम लागतील. वाटीभर वरणात सहा-सातच असतात, पेजेत तर नावालाच. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. मुगाचं धिरडं, भाकरीच्या पिठात सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, घट्ट दही, जमलं तर व्हे (दुधातल्या प्रथिनाची) पावडर पेजेत. तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं. आणि झेपेल तेवढं चालणं, खुर्चीतून उठबस. स्नायूला काम नसेल तर प्रथिन अंगी लागत नाही.

सलाईन: ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरीही नाहीत. वाटीभर भातात याहून जास्त असतात. जुलाबाने पाणी कमी झालं तर डॉक्टर लावतील, ताकदीसाठी नको. चुलतभावाला त्या पैशात पनीर आणायला सांगा.

सई_कोथरूड

माझ्या सासूबाईंना पोटाचा कॅन्सर होता. त्यांना रात्री झोपताना ओलॅन्झापिन २.५ मिग्रॅ दिलं होतं. मानसिक आजाराचं औषध म्हणून आम्ही दचकलो होतो, पण भूक खरंच परत आली, वास सहन व्हायला लागले. रानजाई, विचारून बघा.

पेशीवाला

सईताईंनी बरं काढलं. हा अभ्यास आपल्याकडचाच, पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेचा, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे १२४ रुग्ण, १२ आठवडे, केमोच्या जोडीने. ओलॅन्झापिन घेणाऱ्यांपैकी ६० टक्के जणांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के. अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याच वर्षी सल्ल्यात त्याचा समावेश केला. पण त्याने झोप येते आणि शुगर वाढू शकते, अण्णांना दोन्ही सांभाळावं लागेल.

मेजेस्ट्रॉलही सुचवतील कदाचित. भूक वाढते, पण वाढलेलं वजन मुख्यतः चरबीचं असतं आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तो आधीच जास्त, म्हणून हा प्रश्न नक्की विचारा. जपानमध्ये २०२१ पासून ॲनामोरेलिन हे भूक वाढवणारं औषध आहे, युरोपने ते नाकारलं होतं. जीडीएफ-१५ या भूक मारणाऱ्या संदेशाला अडवणाऱ्या इंजेक्शनचे आकडे २०२४ मध्ये चांगले आले, पण ते चाचणीतच आहे, त्याच्या मागे धावू नका.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. कॅप्सूल आल्या! डॉक्टरांनी 'तेलकट संडास' ऐकताच लिहून दिल्या, इन्सुलिनही बदललं, ओलॅन्झापिनचं शुगर बघून ठरवू म्हणाले. पण केमिस्टच्या पोराने सांगून टाकलं की हे डुकरापासून बनतं. आई हादरलीय. शाकाहारी पर्याय आहे का? की अण्णांना सांगूच नये?

वाटीभर

या कामाची खात्रीची औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासूनच बनतात. दुकानात 'व्हेज एन्झाइम' म्हणून मिळतात ती यासाठी पुरी पडत नाहीत. आणि लपवू नका. माळकरी माणसाला नंतर कळलं तर तो औषधच नाही, जेवणही सोडेल. माझ्याकडे येणारे काही जण फडातल्या महाराजांशी बोलून घेतात, बहुतेकांना जिवासाठी औषध घ्या असंच सांगितलं जातं.

रानजाई

सांगितलं. अण्णा आधी गप्प बसले, मग म्हणाले, 'गोळीला माळ नसते, दे इकडे.' आत्या मात्र अजून फुगलेलीच आहे.

बाकी एक राहिलं: पेज पितळी भांड्यातून पितात, अर्धा तास लागतो. कॅप्सूल सुरुवातीलाच दोन, की एक आधी आणि एक मध्ये?

वाटीभर

अर्धा तास लागत असेल तर एक पहिल्या घोटाला, एक मध्ये. आणि पेज कोमट झाल्यावर द्या. कॅप्सूल गिळता आली नाही तर उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात द्या, गरम पेजेत ढवळू नका. आठ-दहा दिवसांनी संडासचा रंग आणि वजन इथे टाका, डोस वाढवायचा का ते त्यावरूनच डॉक्टरांना विचारता येईल.