अनुभव धागा : स्ट्रिंगमधून एक्सएमएल वाचताना तुमचे कुठे अडले होते?

सकाळचीगाडी
आज आमच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवरच्या प्रकल्पात नव्या सहकाऱ्याला ‘इल्लीगल कॅरेक्टर्स इन पाथ’ ही एरर आली आणि मला माझी पहिली नोकरी आठवली. वेब सर्व्हिसकडून आलेले एक्सएमएल (कोनी कंसांतल्या खुणांमध्ये माहिती लिहिण्याची पद्धत) उत्तर स्ट्रिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नुसत्या मजकुरात होते, ते मी एक्सएमएल डॉक्युमेंटच्या ‘लोड’ या मेथडला दिले आणि पुढचे दोन दिवस फोल्डरच्या परवानग्या तपासण्यात घालवले. ‘लोड’ला फाइलचा पत्ता, यूआरएल किंवा स्ट्रीम लागते, तिला स्ट्रिंग दिली की ती त्या स्ट्रिंगलाच पत्ता समजते, आणि पत्त्यात ‘<’ हे चिन्ह चालत नाही. मजकूर हाती असेल तर ‘लोडएक्सएमएल’ ही वेगळी मेथड वापरावी लागते, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. तुमचेही अनुभव लिहा, मी ते त्याला वाचायला देणार आहे.

कोराकागद
जावामध्येही अगदी हेच होते. डॉक्युमेंटबिल्डरच्या ‘पार्स’ला नुसती स्ट्रिंग दिली की ती यूआरआय समजली जाते, आणि ‘नो प्रोटोकॉल’ असे म्हणून पुढे आपला सगळा एक्सएमएल लॉगमध्ये छापला जातो. स्ट्रिंगरीडर करून तो इनपुटसोर्समध्ये घालून द्यावा. डबा भरायचा आहे, बाकीचे नंतर लिहीन.

रात्रपाळी
माझा अनुभव ‘लोडएक्सएमएल’ बरोबर वापरल्यानंतरचा आहे. ‘डेटा ॲट द रूट लेव्हल इज इनव्हॅलिड, लाइन १, पोझिशन १’ अशी एरर येत होती आणि डीबगरमध्ये मजकूर निर्दोष दिसत होता. शेवटी मी मूळ फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली, तेव्हा पहिल्या कोनी कंसाच्याही आधी ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट्स बसलेले दिसले. ही यूटीएफ-८ ची बाइट ऑर्डर मार्क, म्हणजे मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते सुचवणारी आरंभीची खूण. बाइट्सची स्ट्रिंग करताना ‘एन्कोडिंग’ वर्गाची ‘गेटस्ट्रिंग’ ती काढून टाकत नाही, त्यामुळे स्ट्रिंगच्या आरंभी एक न दिसणारे अक्षर शिल्लक राहते आणि पार्सर (एक्सएमएल वाचणारा भाग) तिथेच थांबतो. डॉटनेट ४ पासून साध्या ‘ट्रिम’नेही ते जात नाही. पहिल्या अक्षराची किंमत छापून पाहावी. ती ६५२७९ निघाली तर शोध संपला.

हळदपेठ
सांगलीतील व्यापाऱ्यांची बिले टॅलीमध्ये चढवण्यासाठी मी स्ट्रिंगचे तुकडे जोडून एक्सएमएल तयार करत असे आणि पोर्ट ९००० वर पाठवत असे. आठवडाभर सगळे सुरळीत चालले, आणि मग नावात ‘& सन्स’ असलेला एक खातेदार आला. एक्सएमएलमध्ये ‘&’ हे एंटिटीची (दुसऱ्या मजकुराच्या जागी लिहायच्या संकेताची) सुरुवात समजले जाते, त्यामुळे त्या दिवशीचे एकही बिल चढले नाही. घाईत मी पूर्ण मजकुरातील ‘&’ बदलले, तर आधीच नीट लिहिलेल्या एंटिटीही दुहेरी बदलल्या गेल्या. एक्सएमएल हाताने जोडू नये, ते लायब्ररीकडूनच लिहून घ्यावे, असे मी नव्या मुलांना कळकळीने सांगतो.

कोराकागद
@हळदपेठ, खातेदारांची नावे देवनागरीत होती का? मी पायथनमध्ये एलएक्सएमएल ही लायब्ररी वापरते. देवनागरी मजकूर डीकोड करून दिला, तर ‘एन्कोडिंग डिक्लेरेशन असलेली युनिकोड स्ट्रिंग चालणार नाही’ अशा अर्थाची एरर आली. विचार केल्यावर ते पटले, कारण ती घोषणा (मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते सांगणारी एक्सएमएलची पहिली ओळ) बाइट्सविषयी असते आणि स्ट्रिंग झाल्यावर बाइट्स उरतच नाहीत. आता मी आलेले बाइट्स जसेच्या तसे देते.

हळदपेठ
नावे इंग्रजीतच होती. पण तुमचा मुद्दा लिहून ठेवला आहे, पुढच्या महिन्यात मराठी नावे येणार आहेत.

पाणवठा
पायथनमधील एक लहान गोष्ट. तिहेरी अवतरणातील मजकूर नव्या ओळीवर सुरू केला की एक्सएमएलच्या घोषणेआधी एक मोकळी ओळ येते. घोषणा असेल तर ती अगदी आरंभीच हवी, हा १९९८ च्या पहिल्या शिफारशीपासूनचा नियम आहे, त्यामुळे पार्सर तो मजकूर नाकारतो. आणि कृपया एवढे लक्षात घ्या : स्ट्रिंग बाहेरून आलेली असेल तर डीटीडी (एक्सएमएलची रचना आणि एंटिटी ठरवणारा भाग) आणि बाह्य एंटिटी बंद ठेवा, नाहीतर आलेला मजकूर तुमच्याच सर्व्हरवरची फाइल वाचून घेऊ शकतो.

सकाळचीगाडी
सर्वांचे मनापासून आभार. ‘लोडएक्सएमएल’ केल्यावर सहकाऱ्याला लगेच ‘लाइन १, पोझिशन १’ ची एरर आली होती. @रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचून त्याने पहिल्या अक्षराची किंमत छापली, आणि ती ६५२७९ निघाली. आता तो बाइट्स मेमरीस्ट्रीममध्ये घालून ‘लोड’लाच देऊन पाहत आहे.