एकट्याने जायला काय हरकत?

एकाने विचारलंय की किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी जपायच्या कामाला ओळखदेख नसताना एकट्याने गेलं तर अवघडल्यासारखं होतं का. पहिला अर्धा तास होतं. मग हातात पोतं आलं की कोण कुठला ते कुणी विचारत नाही. आमचा दापोलीकडचा दहा-बारा जणांचा गट आहे, कासवं अंडी घालायला येतात तो किनारा साफ करतो. बाटल्या वेचणं पोरखेळ; खरी जिकीर वाळूत अर्धं गाडलेल्या नायलॉनच्या जाळ्याची. ओढून निघत नाही, हाताने उकरत कोयत्याने तोडावं लागतं. तळव्यांची सालटं निघतात, हातमोजे न्याच.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं निघायला साधारण ४५ ते ६० दिवस. म्हणून नेमकी तारीख कुणी देत नाही. आम्ही दोन दिवस तिथे थांबलो, घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली नुसती वाळू! पण गावातल्या घरी सोलकढी आणि रात्री पत्त्यांचा डाव, त्यातच निम्म्या ओळखी झाल्या. पिल्लं निघाली तर फ्लॅश मारू नका, ती उजेडाकडे वळतात.