मदत हवी आहे : कोर्स संपला, आता चुका दाखवणारं कोणी नाही

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. घरात यंत्रमाग, वडील आणि काका दोघेही चादरीच्या धंद्यात. नुकताच १२ आठवड्यांचा डिझाइनचा कोर्स करून परत आलोय.

सॉफ्टवेअर शिकलो, पण त्यातलं निम्मं यूट्यूबवरही मिळालं असतं. खरा बदल वेगळाच. पूर्वी माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की डोकं फिरायचं. तिथे रोज संध्याकाळी सगळ्यांची कामं भिंतीवर लागायची आणि चिरफाड व्हायची. तिसऱ्या आठवड्यात तर मी बॅग भरायला घेतली होती. शेवटी शेवटी मात्र मीच विचारायला लागलो, 'यात चुकतंय काय?'

आता घरच्या जॅकार्डकडेही, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राकडेही, नव्याने बघतोय. त्याच्या पंचकार्डाला (नक्षीप्रमाणे भोकं पाडलेला पुठ्ठा) भोक असेल तर उभा धागा वर, नसेल तर खाली. जन्मभर खडखडाट ऐकला, पण ही पिक्सेलचीच भाषा आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं!

अडचण अशी की इथे काम दाखवलं तर घरचे 'छान आहे' म्हणतात आणि गिऱ्हाईक 'मोर जरा मोठा करा' म्हणतं. विषय संपला.

अशा कोर्सनंतर तुम्ही ही सवय कशी टिकवलीत? पोर्टफोलिओत फसलेली कामं ठेवावीत का? आणि सोलापुरात आठवड्यातून एकदा बसून एकमेकांची कामं तपासायला कोणी तयार आहे का? आमची माडी रिकामी आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी माझ्याकडून.